मामाकडचे दात

वच्छलाच्या दातांचा विषय निघाला की पंजाबरावांचं उत्तर ठरलेलं असे. "मामाकडचे दात हायेत. तुमसरचे." एवढं म्हणून ते आपल्या भरघोस मिशीवरून बोट फिरवत आणि विषय तिथंच मिटवून टाकत. तुमसरचा मामा बिचारा वर्षातून एकदा दिवाळीला यायचा, तोही गालात पान धरून. त्याचे दात खरोखर कसे आहेत हे कोणी पाहायलाच गेलं नाही. गयाबाई, म्हणजे पंजाबरावांची बायको, सख्ख्या भावाची बाजू घ्यायला कधी पुढं आल्या नाहीत. त्या खाली मान घालून पोळी लाटत राहत.

वच्छला चौदाची होती. वरचे चार दात इतके पुढं आलेले की ओठ मिटायचे तर हनुवटी ताणून सुरकुत्या पडेपर्यंत खेचावी लागे. रेल्वे क्वार्टरातली पोरं तिला किसणी म्हणत. पंजाबराव भिलाईच्या यार्डात नंबर टेकर होते. कारखान्यासाठी कोळसा आणि लोखंडाचा दगड घेऊन येणाऱ्या वॅगनींचे नंबर वहीत उतरवायचे, हे त्यांचं काम. सन बासष्टचं साल, कारखाना एकीकडं पेटलेला आणि दुसरीकडं अजून बांधून होत होता, त्यामुळं वॅगनींना खंड नव्हता. एवढे आकडे न चुकता उतरवणारा माणूस, पण यार्डातला कुणी खलाशी सहज बोलून गेला, "वो किसणी के पिताजी," की त्यांच्या हातातली पेन्सिल थांबायची. त्यांना लाज वाटायची. पोटच्या पोरीची लाज वाटते हे कबूल करायची तर त्याहून जास्त लाज, म्हणून ते तिला शिस्त म्हणत.

शिस्त एका शब्दाची होती. "हात." पोरगी हसायला लागली की पंजाबराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "हात," आणि वच्छलाचा उजवा हात आपोआप तोंडावर जायचा. सहाव्या वर्षापासून हे चाललं होतं. पुढं पुढं सांगायचीही गरज उरली नाही. हसू यायच्या आधी हात यायचा.

डॉक्टरांकडं जायची गोष्ट पंजाबरावांनी काढली नव्हती, गयाबाईंनी काढली. एक दिवस वच्छला चूळ भरताना रक्त थुंकली. गयाबाईंनी तिला दारात उजेडाला नेऊन तोंड उघडायला लावलं, तर वरच्या दातांच्या मागं, टाळूला, रांगेनं खड्डे. खालच्या दातांचे ठसेच उमटलेले. कुठला चार दिवसांचा प्रकार नव्हता तो.

"कधीपासून दुखून राहिलं तुले?" गयाबाईंनी विचारलं.

"लहानपणापासून," वच्छला म्हणाली. "सगळ्यायले दुखत असन, असं वाटलं मले."

नागपूरचे डॉक्टर खानझोडे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुर्गला येत आणि एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बसत. दात उपटणारे पुष्कळ होते, दात सरकवणारा हा एकच. गयाबाई पोरीला घेऊन निघाल्या तेव्हा पंजाबराव नाइलाजानं बरोबर गेले. बायको एकटी गेली तर चार लोक विचारतील, दोघं गेले तर देवदर्शनाला गेले असं तरी वाटेल, हा त्यांचा हिशोब.

डॉक्टरांनी छोटा आरसा तोंडात घातला, तिला दोनचारदा दात मिटायला लावले आणि मग आईबापांना जवळ बोलावलं.

"पाहा," ते म्हणाले. "वरचे दात पुढं, खालचा जबडा मागं. तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांवर टेकायला पायजेत, तर ते सरळ टाळूत रुतून राहिले. दिसण्याचं बाजूला ठेवा. हे असंच राहिलं तर टाळूचं मांस सोलून निघंल, हिरड्या जातील, दात हलायला लागतील. पुढच्या दातांनी तिले काही तोडता येत नाही, म्हणून अन्न न चावता गिळते. ओठ मिटत नाहीत, म्हणून तोंडानं श्वास घेते. पडली तर पहिले हेच दात जातील. वय वाढतं आहे, हाडं अजून ऐकतील. आत्ताच केलं तर होईल."

मग कार्डावर लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कोणाचे असे दात आहेत का?"

"तिच्या मामाचे," पंजाबराव म्हणाले. गयाबाईंनी एकदा नवऱ्याच्या मिशीकडं पाहिलं आणि नजर खाली वळवली.

महिन्याभरानं पट्टी आली. टाळूला चिकटून बसणारी गुलाबी पट्टी, पुढून दातांवर आडवी एक बारीक तार, आणि आतून एक छोटीशी पायरी, म्हणजे खालचे दात टाळूऐवजी त्या पायरीवर टेकावेत. डॉक्टर म्हणाले, फक्त जेवताना काढायची, पाण्याच्या डबीत ठेवायची, बाकी वेळ तोंडातच. महिन्याच्या महिन्याला ते तार आवळणार. "आणि हरवू नका. नवीन करायची तर नागपूरहून यायला दीड महिना लागतो. तोवर दात परत आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसतात. मग पहिल्यापासून सुरुवात."

पहिले आठ दिवस वच्छलाच्या तोंडून शब्द बोबडे निघाले, लाळ गळली, रात्री दात ठणकले. पण पोरगी जिद्दीची. वैशाख गेला, आषाढ आला, टाळूचे खड्डे भरले. श्रावणात एका दुपारी तिनं भाजलेला भुट्टा सरळ तोंडाला लावला आणि पुढच्या दातांनी एक ओळ तोडली. कणसावर चार दात नीट उमटले होते. ती ते कणीस घेऊन आईकडं धावली, मग बापाकडं.

पंजाबराव खाटेवर बसून भुट्टाच खात होते. ते नेहमी दाणे अंगठ्यानं सोलून वाटीत काढत आणि एकेक मागच्या दाढेखाली टाकत. माणसानं असंच खायला पाहिजे, कणसाला तोंड लावायचं म्हणजे जनावराचं खाणं झालं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पोरीचं कणीस पाहिलं, तिच्या दातांवर चमकणारी तार पाहिली. दार उघडं होतं. "हात," ते म्हणाले.

कारण पट्टीनं एक नवीनच लाज आणली होती. आधी नुसते दात दिसायचे, आता दातांवर तार दिसायची. लोक विचारायचे, पोरीला काय झालं? पंजाबराव सांगायचे, काही नाही, दाढ किडली आहे. खरं सांगायला काय हरकत होती, ते देव जाणे. पोरगी बरी होत होती आणि बाप कानकोंडा होत होता.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. विदर्भातल्या माणसाला इतर सगळे सण एका बाजूला आणि महालक्ष्म्या एका बाजूला. तो दुर्गच्या लायनीवर असो की आणखी कुठं, त्या दिवशी त्याच्या घरात सोळा भाज्या, आंबील आणि पुरण व्हायलाच पाहिजे आणि दारात आलेला जेवून गेला पाहिजे. त्या वर्षी पंजाबरावांनी मोठं पाऊल टाकलं होतं. यार्ड मास्तर दौलतराव यांना बायकोसकट जेवायला बोलावलं होतं. रायपूरचं चार पिढ्यांचं घर, शिकलेली माणसं. ते "येतो" म्हणाले त्या दिवसापासून पंजाबराव क्वार्टरच्या भिंतीवरचे डाग पुसत होते.

दुपारी पुरुषांची पंगत उठली आणि बायकांची बसली. वच्छला पाणी वाढायला उभी होती. जेवायची वेळ आली की स्वयंपाकघरात जाऊन पट्टी डबीत ठेवायची आणि मग शेवटच्या पानाला बसायचं, असं तिचं ठरलेलं. पण दौलतरावांच्या बायकोनं, भागाबाईंनी, तिचा हात धरला. "तू कुठं निघालीस? कुमारिकेनं बायकांच्या पहिल्या पंगतीला बसायचं. ये, माझ्याशेजारी बस." आणि बसवलंच. पत्रावळी मांडलेल्या होत्या, वरण-भात पडला, तूप पडलं.

वच्छला चुळबुळ करत अर्धी उठली. पंजाबराव पुरणाचं ताट घेऊन वाढत होते, ते तिच्यासमोर वाकले.

"डबी आत हाये," ती पुटपुटली. "पट्टी काढून ठेवून येतो."

"पान वाढल्यावर उठते का कोणी? पूर्ण पंगतीचा अपमान." ते दात न उघडता बोलले. "इथंच काढ. कोणाले दिसू देऊ नको."

"ठेवू कुठं?"

"ठेव कुठंबी."

वच्छलानं ओढणी तोंडाशी नेली, पट्टी काढली आणि पत्रावळीच्या कडेखाली सारली. पंजाबरावांनी ते पाहिलं. पाहून त्यांना बरंच वाटलं, हे सांगितलं पाहिजे. मग त्यांनी भागाबाईंना आग्रहानं आणखी एक पुरणपोळी वाढली.

जेवणं झाली, सगळ्या बायका एकदम उठल्या, तसं उठायचंच असतं. "वच्छे, काकूंच्या हातावर पाणी घाल," पंजाबराव म्हणाले. पोरगी तांब्या घेऊन मोरीकडं धावली. भागाबाई, मग दुसरी, मग तिसरी, सगळ्यांचे हात धुऊन झाले आणि ती परत वळली, तर जमीन सारवलेली. घरकामाला येणाऱ्या रंभानं पत्रावळी गोळा करून नेल्या होत्या.

वच्छला तिथंच उभी राहिली. तिचा चेहरा पाहून पंजाबराव काय ते समजले; काय हरवलं ते त्या घरात तिघांनाच कळणार होतं आणि गयाबाई आत होत्या. पोरीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"काय झालं ग?" भागाबाईंनी विचारलं.

आता बघा. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. पोरीच्या दातांची पट्टी पत्रावळीबरोबर गेली, एवढंच. पंजाबराव म्हणाले, "काही नाही, कानातलं पडलं वाटते."

सोनं हरवलं म्हटल्यावर कोण गप्प बसतं? दौलतराव बाहेरच्या खोलीतून उठून आले. बायकांनी निऱ्या झटकल्या, चटया उलटल्या. एका म्हातारीनं मोरीच्या तोंडावर हात ठेवून पाणी अडवलं. यार्ड मास्तर, ज्यांच्यापुढं गार्डसुद्धा टोपी काढत, ते गुडघ्यांवर बसून खाटेखाली पाहू लागले. पंजाबरावही वाकून शोधत होते, जे पडलंच नव्हतं ते. आणि मागं, दहा पावलांवर, त्या पत्रावळी गायींपुढं पडत होत्या.

भागाबाईंनी वच्छलाची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि तिच्या केसांच्या बटा मागं सारल्या.

"अहो, शोधताय काय?" त्या म्हणाल्या. "पोरीच्या कानांत दोन्ही आहेत की."

सगळे उभे राहिले. दौलतरावांच्या गुडघ्यांना शेण लागलं होतं. सगळे पंजाबरावांकडं पाहत राहिले. त्यांना वाटलं, जमीन फाटावी. आणखी एखादं खोटं सापडतं का म्हणून ते मनात धुंडाळत होते, आणि तेवढ्यात वच्छला बोलली. हात तोंडावर ठेवूनच बोलली.

"माह्यी दातायची पट्टी हरवली. पत्रावळीखाली ठेवली होती. बाबांनी ठेवाले लावली."

रंभाला विचारलं तर ती दारातूनच छत्तीसगढीत म्हणाली, "पतरी ला त पाछू डहर फेंक देहेंव, बाबूजी." पत्रावळी तिनं मागच्या बाजूला टाकून दिल्या होत्या.

क्वार्टरांच्या मागं, नाल्याच्या काठाला, सकाळपासूनच्या पत्रावळींचा ढीग पडला होता. दोन गायी, एक म्हातारा बैल, कावळे. पंजाबराव अनवाणी गेले. गायी हाकलल्या, धोतर खोचलं आणि ढिगापुढं उकिडवे बसले. पाहुणे मागच्या दारात येऊन उभे राहिले. दुसऱ्याच्या उष्ट्याला ज्या माणसानं कधी बोट लावलं नाही, तो पन्नास माणसांचं उष्टं हातांनी चिवडायला लागला. आंबील, भात, चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा. एकेक पत्रावळ उचलायची, झटकायची, चाचपायची. कॉलनीतली पोरंही जमली. "किसणी का बाप क्या ढूँढ रहा है?" एकानं विचारलं, आणि पंजाबरावांना ते नीट ऐकू आलं.

थोड्या वेळानं शेजारी दोन हात दिसले. गयाबाईंचे. त्याही पत्रावळी झटकू लागल्या. चाळीसएक पानं झाली तेव्हा पट्टी सापडली. एका पत्रावळीच्या घडीत, पुरणानं माखलेली. गायीचा पाय पडून तार थोडी वाकली होती, पण मोडली नव्हती. डॉक्टर सरळ करतील एवढीच वाकली होती.

पाहुणे पानसुपारी घेऊन गेले. जाताना भागाबाई पंजाबरावांना एवढंच म्हणाल्या, "आमच्या रायपूरला डॉक्टर असा असता तर माझ्या पोरीचे दात मीही नीट करून घेतले असते. लपवायसारखं काय होतं त्यात?"

गयाबाईंनी पट्टी कढत पाण्यानं धुतली. पंजाबराव ती घेऊन वच्छलाजवळ गेले. "घे," ते म्हणाले. तिनं घेतली. मग ती भिंतीकडं वळली, डावा हात तोंडापुढं धरला आणि त्या हाताआड पट्टी बसवली. बाप समोर होता, दुसरं कुणी नव्हतं, तरी.

"हात काढ, बाई," पंजाबराव म्हणाले.

तिनं काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. घरात तोंड मिटून, शाळेत पट्टी दप्तरात. गयाबाईंनी दप्तरात डबी पाहिली आणि नवऱ्यापुढं आणून ठेवली. "असंच चाललं तर दात जातील मागच्या जागेवर," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगतलं तेव्हा हात ठेवला तिनं. आता तुमच्या सांगण्यानं नाही निघायचा."

पंजाबरावांनी डबी बाजूला सरकवली. मग मिशीवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "तुले माहीत होतं ना?"

"मामंजी गेले तेव्हापासून," गयाबाई म्हणाल्या. "तेरा वर्षं झाली."

मामंजी, म्हणजे पंजाबरावांचे वडील, गेले तेव्हा रीतीप्रमाणं त्यांनी मिशी उतरवली होती. वच्छला तेव्हा मांडीवर होती. महिनाभर ते कुणाशी बोलले नाहीत. लोक म्हणाले, बापाचं दुःख. गयाबाईंनी मात्र त्या महिन्यात नवऱ्याचा वरचा ओठ पहिल्यांदा पाहिला होता. आणि त्यानंतर तेरा वर्षं त्या आपल्या भावाच्या दातांबद्दल ऐकून घेत आल्या होत्या. पंजाबरावांना त्यांच्याकडं पाहवेना.

रविवारी ते कुम्हारी गावच्या बाजारात हिरालाल न्हाव्यापुढं जाऊन बसले. "मिशी काढ," म्हणाले. हिरालालनं वस्तरा खाली ठेवला आणि दबक्या आवाजात विचारलं, कोण गेलं? कोणी नाही गेलं, पंजाबराव म्हणाले. हिरालालला पटेना. घरात सुतक नसताना मिशी काढणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. दोनदा सांगितल्यावर त्यानं वस्तरा लावला.

परतीच्या वाटेवर यार्डातले दोघं भेटले, दोघांनी टोप्या काढल्या. "कब हुआ?" एकानं विचारलं. पंजाबरावांनी तोंड उघडलं. "कोणी नाही गेलं. माह्ये दात हायेत हे. असेच हायेत." वाऱ्याला ओठ उघडा पडला होता, त्यांना भर रस्त्यात नागवं झाल्यासारखं वाटत होतं, तरी ते हात खिशात ठेवून चालत आले.

वच्छला ओसरीवर गवार निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. पंजाबराव तिच्यापुढं जमिनीवर बसले. वरचे चार दात, पुढं आलेले, ओठ ओढूनही न मिटणारे. हुबेहूब तेच.

"मामाचे नाहीत," ते म्हणाले. "माह्ये हायेत."

तिनं गवार बाजूला सारली. मग ती जवळ सरकली आणि डॉक्टर वाकायचे तशी वाकून तिनं त्यांच्या तोंडात पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते. बोलताना तार दिसत होती.

"बाबा, तुमचे खालचे बी टाळूले टोचतात का?"

"टोचतात."

"रोज?"

"रोज."

"मंग मले दुखत असन," वच्छलानं विचारलं, "हे तुम्हाले माहीत होतं?"

पंजाबरावांचा हात सवयीनं मिशीकडं गेला. तिथं काहीच नव्हतं. त्यांनी तो खाली घेतला आणि मान हलवून हो म्हटलं.